गुळगुळीत गुडघा

दादाच्या गुडघ्याच्या ऑपरेशनआधी दवाखान्याने कागद दिला होता: पायाचे केस घरी काढू नका. वाचून मला हसू आलं. तीस वर्षं वस्तरा चालवणाऱ्याला हे शिकवणार? न्हाव्याचा थोरला भाऊ अस्वलासारखा पाय घेऊन टेबलावर झोपणार?

आदल्या संध्याकाळी त्याला दुकानातल्या खुर्चीत बसवलं, फेस लावला, गुडघा गुळगुळीत केला. रक्ताचा थेंब नाही. दादा म्हणाला, "अरे, गुडघा बदलायचाय, त्याचं लग्न नाही लावायचं!"

सकाळी नर्स केस कापायचं मशीन घेऊन आली आणि बघतच राहिली. मला बोलणी बसू नयेत म्हणून दादा म्हणाला, "मला पायाला केसच येत नाहीत हो."

तीन आठवड्यांनी गुडघा सुजला, टाक्यांतून पू आला. डॉक्टरांनी एकेक विचारलं. साखर? ताब्यात. सिगारेट? कधीच नाही. किडका दात, कुठे जखम? नाही. तेवढ्यात नर्स वाकली. टाक्यांभोवती केसांचे खुंट उगवले होते.

"केस येत नाहीत ना तुम्हाला?"

दादा ओशाळला. "मीच काढले होते. वस्तऱ्याने."

डॉक्टर चिडले. "वस्तऱ्याने न दिसणारे ओरखडे पडतात, तिथून जंतू शिरतात. यानेच झालं असं छातीठोक नाही सांगत, पण धोका तुम्हीच वाढवलात. आता गुडघा उघडून धुवावा लागेल. आटोक्यात नाही आलं, तर नवा सांधाच काढावा लागेल."

दादाने खाली मान घालून ऐकून घेतलं. मी शेजारीच उभा होतो. गावातली निम्मी डोकी माझ्या हाताखालून जातात, डॉक्टरांचंही जातं. म्हणून तोंड उघडलं नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, तसं झालं होतं. फक्त हात माझा आणि भोग दादाचे. मला स्वतःची किळस आली.

दुसऱ्या दिवशी धुण्याचं ऑपरेशन होतं. दादा खाटेवर हनुवटी चोळत म्हणाला, "दाढी कर रे."

फेस लावला, वस्तरा उघडला, गालापर्यंत नेला आणि मागे घेतला. "दादा, माझ्याने नाही होणार."

"गाढवा, तीस वर्षं गळा देतोय तुझ्या हातात. गुडघ्यापायी भितोस?" असं म्हणून त्याने मान वर केली.

मी वस्तरा मिटला. त्याला तसाच फेसात सोडून डॉक्टरांच्या खोलीपर्यंत गेलो.

"डॉक्टर," मी दारातूनच म्हणालो, "माझ्या भावाला स्वतःची दाढीसुद्धा करता येत नाही."