एका दमातली शिंक

बरोबर एक मिनिट एकेचाळीस सेकंद झाले आणि दमदारांनी हातातलं पातेलं फरशीवर सोडून दिलं.

पातेल्यानं चांगल्या तीन गिरक्या घेतल्या, झाकणाला हाताशी धरलं आणि दोघंही टेबलाखाली जाऊन पडली. बाहेरच्या खोलीत क्लॅरिनेट वाजत होतं ते वाजतच राहिलं.

"अहो, आज काय?" बायकोनं तिथूनच विचारलं.

"पातेलं."

"काल डबा, परवा खुर्ची. हाताला लोणी लावून फिरता का?"

"निसटलं गं."

"रोज त्याच सुराला बरं निसटतं!"

टेबलाखालून पातेलं काढायला दमदारांनी गरजेपेक्षा बराच जास्त वेळ लावला.

भानगड सगळी वरच्या मजल्यावरून खाली आली होती. वर त्यांचे साडू राहायचे, दातांचे डॉक्टर. साडूचं नातं असं असतं, की एकानं छत्री घेतली की दुसऱ्याला ऊन लागायला लागतं. डॉक्टरांनी दवाखाना बंद केला आणि लोकांचे दात काढायचं सोडून जुन्या कॅसेटींमधली खरखर काढायला बसले. दोन खोकी भरून कॅसेटी होत्या. एकेक करून सगळ्या संगणकात घातल्या, प्रत्येकीपुढे गाण्याचं नाव, वाजवणाऱ्याचं नाव, साल, सगळं लिहिलं. मग खाली दमदारांच्या बाहेरच्या खोलीत एक पडदेवाला रिसीव्हर आणि दोन ढब्बू स्पीकर आणून बसवले. गाणी वर संगणकात, आणि घरच्या वाय-फायवरून ऐकू येणार खाली.

"तुम्ही फक्त यादीतलं नाव दाबायचं," डॉक्टर मेहुणीला म्हणाले. "बाकी मी वर आहेच."

यादीत पहिलंच नाव होतं, 'लग्नातलं क्लॅरिनेट'. त्याखाली वादक म्हणून दमदारांचं नाव, चांगलं ठळक.

लग्न डॉक्टरांचंच. दमदार तेव्हा बँडमध्ये पहिलं क्लॅरिनेट वाजवायचे. त्या दिवशीच्या लांबलचक सुराची गोष्ट घरात नातवंडांनासुद्धा पाठ होती. सूर लागला आणि झाडावरचे कावळे गप्प झाले. आचाऱ्याचा झारा हवेतच राहिला. कढईतलं जळून कोळसा झालं तरी कुणाला वास आला नाही, कारण वास घ्यायला श्वास घ्यावा लागतो, आणि श्वास तर सगळ्यांचे अडकलेले. आणि वाजवणाऱ्यानं मात्र मध्ये एकदाही श्वास घेतला नाही! मूळचा सूर पन्नास सेकंदांचा. पण गोष्ट सांगता सांगता वाढत गेला. गेल्या वर्षीपर्यंत तो साडेतीन मिनिटांवर आला होता. 'दमदार' हे नाव पडलं ते त्या सुरामुळे.

बायको मिळाली तीही त्या सुरामुळेच. नवरीची धाकटी बहीण मांडवामागं आली होती आणि विचारत होती, "तो लांब सूर कुणी धरला हो?" समोर रुमालाची घडी करत एक तरुण उभा होता. तो म्हणाला, "मी."

खरं तर सूर धरला होता दुसऱ्या क्लॅरिनेटवाल्यानं. त्या दिवशी दमदारांचं नाक चोंदलेलं, वाद्य मांडीवर, रुमाल तोंडावर. दुसरा वाजवून उठला तो तडक गाडी पकडायला गेला, लांबच्या एका बँडमध्ये लागला, आणि पुन्हा कुणाला दिसला नाही. एवढं सोयीचं खोटं माणसाच्या वाट्याला आयुष्यात एकदाच येतं.

कॅसेटच्या खरखरीत ते एकेचाळीस वर्षं सुखानं झोपलं होतं. डॉक्टरांनी खरखर पुसली. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी मोठ्या आवाजात लावून दाखवलं तेव्हा दमदारांना स्वच्छ ऐकू आलं: सूर चाललाय, तुटत नाही, आणि त्या सुरावरच एक मिनिट बेचाळीसाव्या सेकंदाला जोडीनं दोन शिंका आणि मागोमाग, "अगं आई गं!"

ती शिंक दमदारांशिवाय दुसऱ्या कुणाची असूच शकत नव्हती. तिच्या आवाजानं शेजारचं मांजर जिना बदलायचं. आणि शिंकता शिंकता क्लॅरिनेट फुंकणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. बायको नेमकी तेव्हा कुकरची तिसरी शिट्टी मोजत होती, म्हणून त्या दिवशी निभावलं.

दमदारांनी संध्याकाळीच ते गाणं यादीतून काढून टाकलं. सकाळी बघतात तर परत हजर, पहिल्या नंबरावर.

"हे परत कसं येतं हो?" त्यांनी जिन्यात सहज विचारल्यासारखं विचारलं.

"रिसीव्हरमध्ये गाणं नसतंच," डॉक्टर म्हणाले. "तो रोज सकाळी वरची यादी वाचून खाली मांडतो. वरून खालून कितीही खरवडा, मुळातून उपटल्याशिवाय जात नाही. दातासारखंच. का हो, काढायचंय कुठलं?"

"छे छे. सहज."

तेव्हापासून दमदार रोज दुपारी स्वयंपाकघरात, घड्याळाकडे डोळे लावून, हातात काहीतरी पडण्याजोगं घेऊन उभे. अकरा दिवस झाले होते.

पण दारातून बायको दिसायची. मांडीवर निवडायची भाजी तशीच. डोळे मिटलेले, हनुवटी जराशी वर. सूर चढायला लागला की तिचा हात देठावरच थांबायचा. हा चेहरा दमदारांच्या ओळखीचा नव्हता. डॉक्टरांनी त्यांना कवळी बसवेपर्यंत त्यांनी तिच्यासाठी रोज क्लॅरिनेट वाजवलं होतं. ती म्हणायची, "छान," आणि भाजीत मीठ घालायची.

पहिले चार दिवस त्यांना भीती वाटली. पाचव्या दिवसापासून पोटात भलतंच काहीतरी जळायला लागलं. पाटीवर नाव आपलं, आणि खोलीत येऊन बसतो तो! रोज दुपारी येतो, आपल्या बायकोला डोळे मिटायला लावतो. त्याला दार उघडून देणारे आपण. आणि वर भांडी आपटून त्याची राखण करणारेही आपणच.

बाराव्या दिवशी त्यांनी परात उचलली. एक मिनिट अडतीस. एकोणचाळीस. बाहेर बायकोची हनुवटी वर गेली.

दमदारांनी परात ओट्यावर ठेवली, अगदी अलगद, बाळ झोपवल्यासारखी.

शिंक आली. जोडीनं आली. आईलाही हाक मारली.

सूर संपेपर्यंत बायको हलली नाही.

"आज काही पडलं नाही," ती म्हणाली.

"नाही."

"ती शिंक..."

"माझी."

तिनं एक देठ मोडला. मग दुसरा.

"मग सूर?"

"माझा नाही." दमदार दारातच उभे राहिले. "दुसऱ्या क्लॅरिनेटवाल्याचा. तू विचारलंस तेव्हा तो निघून गेला होता."

आता ती आदळआपट करेल, रडेल, बहिणीला हाक मारेल, असं त्यांना वाटलं. तसं काही झालं असतं तर बरं झालं असतं. तिनं रिसीव्हरवरच्या त्यांच्या नावाकडे बघितलं आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "त्याचं नाव काय?"

एकेचाळीस वर्षांत त्यांनी ते नाव या घरात काढलं नव्हतं. काढलं की ते खुर्ची ओढून बसेल, अशी धास्ती. त्यांनी सांगितलं. तिनं ते एकदा स्वतःशी म्हणून बघितलं, हळू, नीट. दमदारांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"मग तिथं तेच लिहायला हवं," ती म्हणाली. "दाजींना सांगून या."

"आत्ता?"

"मग काय मुहूर्त बघायचा?"

वर डॉक्टर कानाला हेडफोन लावून बसले होते. दमदारांनी त्यांच्या खांद्याला हात लावला.

"पहिल्या गाण्याच्या वादकाचं नाव चुकलंय. बदला."

"चुकलंय म्हणजे? माझ्याच लग्नात वाजवलंत की! अहो, तो आचाऱ्याचा झारा..."

"शिंकताना क्लॅरिनेट वाजतं का, डॉक्टर?"

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "म्हणजे ती शिंक तुमची? मी आठ दिवस तिच्यामागं लागलोय. अक्कलदाढेसारखी अडकून बसलीय. ओढायला गेलं की सूरच तुटतो."

"राहू द्या तिला."

"आणि नाव?"

दमदारांनी सांगितलं. डॉक्टरांनी एका बोटानं, एकेक अक्षर विचारत, टाइप केलं आणि सकाळची वाट न बघता यादी लगेच खाली पाठवली. मग मान वर न करता म्हणाले, "साडूभाऊ, आता तुम्हाला दमदार म्हणायचं का नाही?"

"जिना चढून आलोय. थोडा आहे अजून."

दमदार खाली आले तेव्हा रिसीव्हरवर नवं नाव उमटलं होतं. तेही तेवढंच ठळक. बायको त्याच्याकडेच बघत होती. भाजीची चाळणी तिनं बाजूला सरकवून ठेवली होती.

"बसा," ती म्हणाली.

ते बसले. शेजारी, पण एका माणसाची जागा सोडून.

तिनं गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं. आधी ट्रंपेट वाजलं, ढोल वाजला, मग सगळे थांबले आणि तो सूर एकटाच वर निघाला. अंगावर काटा यावा असाच होता मेला. दमदार तिच्या पापण्यांकडे बघत राहिले. कधी मिटतात, कधी मिटतात.

एक मिनिट तीस. पस्तीस.

पापण्या उघड्याच होत्या. ती त्यांच्याकडे वळून बसली होती, हसू आवरायला पदर तोंडावर दाबून धरला होता, आणि तिचे खांदे आधीपासूनच हलायला लागले होते.