नवरीचं तोंड धुणारी

"ओरडू नका हं, बू," असं म्हणून निंग्रुमने डोक्यातोंडाला गुंडाळलेला रुमाल सोडला आणि बू तुमिराह ओरडलीच.

हातातली काळ्या लेपाची वाटी तिने कशीबशी चटईवर टेकवली. लग्नाला दहा दिवस उरले होते आणि नवरीच्या कपाळाचं माप घ्यायला ती आली होती. केसांच्या कडेने कपाळावर काळ्या लेपाच्या पाकळ्या काढायच्या, त्याला आम्ही पाएस म्हणतो. आमच्या गावातल्या दोन पिढ्यांच्या नवरीमुलींचं पाएस बू तुमिराहच्याच हातचं; थोरामोठ्या बाईला आम्ही बू म्हणतो. पण हे असलं कपाळ तिने कधी पाहिलं नव्हतं. कपाळ आणि दोन्ही गाल लालबुंद झाले होते, नाकाच्या बाजूने कातडीचे पापुद्रे सुटले होते, ओठांच्या कोपऱ्यांना चिरा पडल्या होत्या. पोरगी हसायला गेली आणि कळवळली.

"कधीपासून हे?"

"आठ दिवस झाले असतील. आधी नुसतं ताणल्यासारखं व्हायचं. आता पाणी लागलं तरी झोंबतं."

दार लोटून निंग्रुमची आई, बू कासियाती, आत आली. तिने दाराला पाठ लावली आणि हळू आवाजात म्हणाली, "कुणाला बोललात तर बघा. घराबाहेर काढलेलं नाही पोरीला पंधरा दिवस. ऊन नाही, धूळ नाही. मग आपोआप होतं होय असं? कुणीतरी केलंय."

"कुणी?"

कासियातीने हनुवटीनेच मागच्या अंगणाकडे दाखवलं. अंगणात आम्ही चार शेजारणी लग्नाच्या फराळाचे तांदळाचे पापड उन्हात घालत होतो. मी होते आणि सारिन्तेनही होती. सारिन्तेनच्या मुलाने निंग्रुमला मागणी घातली होती आणि कासियातीने ती धुडकावली होती, हे सगळ्या गावाला ठाऊक.

"माझ्याच अंगणात बसून दात काढतेय, बघा. दुपारी जाते मी नदीपलीकडच्या मांत्रिकाकडे. पाण्यात बघून नाव सांगतो तो. एकदा नाव कळू दे, मग तिची वरात काढते!"

बू तुमिराहही घाबरली. पण तिची भीती वेगळीच होती. नवरीला सजवणारीने आमच्याकडे उपास धरायचा असतो: नुसता पांढरा भात आणि पाणी, चिमूटभर मीठही नाही. सजवणारी अशी राहिली की नवरी उजळते, इतकी की सख्ख्या मावशीलाही ओळखू येत नाही. 'ओळखूच आली नाही हो!' याहून मोठं कौतुक आमच्या नवरीला नाही. लग्नाआधीच्या रिवाजाने निंग्रुमला घरात बसवलं त्या दिवशी तुमिराहने उपास धरला होता आणि त्याच संध्याकाळी तिच्या नवऱ्याने, पाक सार्जोनोने, कढईतला गरमागरम तेंप्याचा, म्हणजे खारट सोयावडीचा, तुकडा तिच्या हातावर ठेवला होता. बोलता बोलता तिने तो खाल्ला. गिळल्यावर आठवलं. कुणाला सांगितलं नाही, आणि आता हा चेहरा समोर होता. आपल्या जिभेने पोरीचं वाटोळं केलं, असं तिच्या मनाने घेतलं.

तेवढ्यात दुपारची अजान झाली. निंग्रुम वजू करायला, म्हणजे नमाजाआधी हात-तोंड-पाय धुवायला, मागच्या नळावर गेली. बोटांचा लेप धुवायचा म्हणून तुमिराह तिच्या मागोमाग गेली, खरं तर कासियातीच्या नजरेसमोरून तिला पळायचं होतं.

नळावर निंग्रुमने हात धुतले, चूळ भरली. मग कोनाड्यातली निळी ट्यूब घेऊन तळहातावर पिळली आणि तोंडाला भरपूर फेस केला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी ती चोळतच होती.

"अगं, हे काय करतेस?"

"वजू."

"वजूला फेसवॉश?"

"तुम्हीच दिलात ना, बू? म्हणालात, आता नवरी आहेस, तोंड धुशील तेव्हा नुसत्या पाण्याने धुवायचं नाही, याने धुवायचं."

"अगं, पण वजू तर दिवसातून पाच वेळा!"

"पाच कुठली! सगळं नीट पार पडावं म्हणून सकाळची आणि रात्रीची जादा नमाजही पढते मी. प्रत्येक वेळी नवा वजू करते. शिवाय दोन्ही आंघोळींना." तिने फेसाळल्या तोंडाने विचारलं, "कमी पडतंय का?"

बू तुमिराह नळाच्या कट्ट्यावर मटकन बसली. पहिल्यांदा तिला इतकं हलकं वाटलं की हसूच आलं. तेंपे नाही, करणी नाही, काही नाही! पोरीने साबणाने स्वतःची कातडी सोलून काढली होती. पण मग तिची नजर निळ्या ट्यूबवर गेली. ट्यूब कुणाची? आपली. शब्द कुणाचे? आपलेच. बाजारात नवी आली होती, पुदिन्याचा वास होता, फेस छान यायचा, म्हणून तिने घेतली होती. धुतल्यावर चेहरा ताठ झाला की धुतला गेला, असं तिला तिच्या आईने शिकवलेलं, आणि तिने गावातल्या पोरींना.

गप्प राहिलं तर? मांत्रिक पाण्यात बघेल आणि जे नाव कासियातीला ऐकायचं आहे तेच घेईल. आमच्या गल्लीच्या टोकाला एक घर रिकामं पडलं आहे. त्या घरातल्या बाईचं नाव असंच एकदा घेतलं गेलं होतं. नंतर तिच्या हातचं मीठसुद्धा कुणी घेईना. ती कुठे गेली ते आजही कुणाला माहीत नाही.

अंगणात कासियातीने स्कूटर सुरू केली. आम्ही वाट द्यायला पापडांच्या चाळण्या सरकवल्या. एवढ्यात बू तुमिराह नळावरून धावत आली, ओल्या हातांनी, सारोंगचा काठ पायात अडकत.

"स्कूटर बंद करा, बू कासियाती."

"का?"

"पाण्यात बघायला नको. नाव मी सांगते."

आमचे हात जागच्या जागी थांबले. कशाचं नाव, ते आम्हाला काहीच माहीत नव्हतं.

"माझं," ती म्हणाली.

तिने तिथेच सगळं सांगितलं, ट्यूब पुढे धरून. तेंप्याचंही सांगितलं, त्याची काही गरज नव्हती तरी. कासियाती आधी ऐकत राहिली, मग तिचा आवाज चढला.

"म्हणजे एवढी वर्षं आमच्या पोरींच्या तोंडांना तुम्ही हे फासताय?"

"ही नवी होती. मीच पारखून घेतली नाही."

"दहा दिवसांवर लग्न आलंय, बू! ह्या सालपटांवर तुमचा काळा लेप लावला तर आग आग होऊन पोर मांडवातून पळेल. सासरची माणसं काय म्हणतील?" तिला रडू फुटलं, आणि रडू फुटल्याचा राग आला. "पाएस शहरातली बाई काढेल. तुम्ही येऊ नका."

"येतील," दारातून निंग्रुम म्हणाली. रुमाल बांधायचं ती विसरली होती आणि आम्ही सगळ्यांनी तो चेहरा पाहिला. "पाएस कुणीही काढू दे. पण हे बू तुमिराहच बरं करतील. त्यांनाच कळलंय कशाने झालं ते."

सारिन्तेनने नंतर मला हळूच विचारलं, "कासियाती निघाली कुठे होती गं?"

पाण्यात कोण बघतो ते मला ठाऊक होतं, तरी "बाजारात," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बू तुमिराह बसने शहरातल्या औषधाच्या दुकानात गेली. काउंटरवरच्या बाईने सगळं ऐकून घेतलं आणि पांढरी, साधी बाटली पुढे केली. तिच्यावर ना फुलाचं चित्र होतं ना कुठल्या नटीचं.

"याला फेस येत नाही आणि वासही नाही. रात्री एकदाच याने तोंड धुवायचं. बाकीच्या वेळी नुसतं पाणी, तेही कोमट. घासायचं नाही, टॉवेलने खसाखसा पुसायचं नाही. ओलसर असतानाच या डबीतलं साधं क्रीम लावायचं. आणि धुतल्यावर कातडी ताणली गेली, तर समजा की हे तिला मानवत नाही. मग लगेच डॉक्टरांना दाखवा."

"ताणली गेली तर वाईट?" बू तुमिराहने पुन्हा विचारलं.

"वाईटच की, आजी."

घरी येऊन तिने ते आधी स्वतःच्या तोंडाला लावलं आणि आरशासमोर बसून राहिली. पाक सार्जोनो दारातून बघत होता.

"या वयात कुणासाठी गं हे?"

"तुमच्या तेंप्यासाठी."

"तो तर निर्दोष सुटला म्हणे," तो म्हणाला. ती हसली नाही. मग तो तिच्या शेजारी बसला आणि तोही आरशात बघत राहिला.

त्या दिवसापासून ती रोज दोनदा कासियातीच्या घरी जायची, पहाटे आणि संध्याकाळी, पुढच्या दाराने नाही, मागून, आम्ही बायका लग्नाचं रांधत होतो त्या स्वयंपाकघराच्या बाजूने. कासियाती तिच्याशी बोलत नसे, पण तांब्यातलं पाणी कोमट आहे की नाही ते स्वतः बोट घालून बघे. तुमिराहने एक जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं बाटिकचं कापड आणलं होतं. पाणी सोडण्याआधी ती म्हणायची, "डोळे मीट, पोरी." निंग्रुम डोळे घट्ट मिटून हनुवटी वर करायची. मग बोटांच्या नुसत्या पेरांनी, लहान बाळाचं तोंड धुवावं तसं, कपाळ, गाल, नाकाची बाजू. पाणी ओतायचं, कापड टेकवायचं, उचलायचं. घासणं नाही.

एकदा मी कोमट पाणी घेऊन गेले, तेव्हा कापड उचलण्याआधी तुमिराहला पुटपुटत अल्लाचं नाव घेताना पाहिलं. रोज पहाटे त्या कापडाखाली काय असेल, या धास्तीने तिला रात्र रात्र झोप नसे. तिसऱ्या दिवशी पापुद्रे आणखीच सुटले. ती पुन्हा शहरात धावली. त्या बाईने सांगितलं, झोंबत नसेल तर जुनी कातडी निघतेय, थांबा. थांबण्यावाचून दुसरं होतं तरी काय? वजूला नुसतं पाणी वापरायचं, हे निंग्रुमला पटायला दोन दिवस गेले. हात आपोआप कोनाड्याकडे जायचा. शेवटी तिने ती निळी ट्यूब स्वतःच उचलून कचऱ्यात टाकली. आठवडा उलटता उलटता कपाळाची लाली गुलाबी झाली, आणि मग पोरगी न कळवळता हसली.

लग्नाच्या पहाटे शहरातली सजवणारी दोन मोठ्या पेट्या घेऊन आली. तिने विचारलं, "तोंड धुतलंय का?" कुणी उत्तर द्यायच्या आत निंग्रुम म्हणाली, "आता धुतील." बू तुमिराहने शेवटचं तोंड धुतलं, कापड टेकवून उचललं आणि बाजूला झाली. तिची जागा दुसरीने घेतली.

काळा लेप कालवायला लागले तेव्हा तुमिराह पडद्याबाहेर उभी होती. तिच्या शेजारी कासियाती. आत काडीने पहिली रेघ ओढली गेली. दोघी कान देऊन उभ्या. आतून बारीकसा आवाज आला आणि कासियातीने तुमिराहचं मनगट इतकं आवळलं की बांगडी रुतली. आत निंग्रुम शिंकली होती. मग शहरातल्या बाईचा शांत आवाज आला, "झोंबतंय का?" आणि निंग्रुम म्हणाली, "नाही. गार लागतंय."

कासियातीने मनगट सोडलं. दहा दिवसांत पहिल्यांदा ती तुमिराहशी बोलली.

"चहा घेतलात?"

"नको. भात-पाण्यावर आहे."

"अहो, पण पाएस तर तुम्ही काढत नाही आहात."

"हो. पण पोरीचं तोंड तर माझ्या हातून गेलंय ना? या खेपेला मीठही चाखलेलं नाही."

कासियाती आत गेली, आणि थोड्या वेळाने तिने तुमिराहसाठी पांढऱ्या भाताचं ताट आमच्याकडे पाठवलं, वर केळीचं पान झाकून.

दुपारी वऱ्हाड आलं. नवरी मखरात बसली आणि मांडवभर एकच गलका झाला, "ओळखूच आली नाही हो!" सारिन्तेनही म्हणाली, मनापासून म्हणाली. शहरातल्या बाईभोवती बायका जमल्या, तिचं नाव-गाव, फोन नंबर विचारायला लागल्या. पुढच्या दोन लग्नांची बोलणी माझ्या डोळ्यांसमोर झाली. बू तुमिराह आमच्याबरोबर स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, भाताच्या वाफेत.

मला राहवलं नाही. "बू, तुम्हाला तरी ओळखू येते का हो?"

ती मखराकडे बघत होती. तिथे निंग्रुमची नजर गर्दीवरून फिरत होती, कुणाला तरी शोधत. ती नजर आमच्या दारापाशी आली आणि थांबली. मग काळ्या पाकळ्यांच्या, सोनेरी फुलांच्या त्या नवरीने आपले डोळे घट्ट मिटले आणि हनुवटी वर केली.

"नवरी, डोळे उघडा! फोटो जातोय!" फोटोवाला ओरडला.

तिने डोळे आणखी थोडा वेळ मिटलेलेच ठेवले. बू तुमिराहचा उजवा हात छातीपर्यंत वर आला होता. तो तिने खाली घेतला आणि कोरडाच होता तरी सारोंगला पुसला.