शेजारची सीट

थोरली गाड्या बांधायची आणि तिची पाठची बहीण त्या पळवायची. घाटातल्या शर्यतीत थोरली शेजारच्या सीटवर बसून पुढची वळणं ओरडून सांगे, "डावं, अवघड! सोड, सोड... आता दाब!" वडिलांमागे दोघींनी गॅरेज चालवलं आणि एकमेकींशिवाय एकही शर्यत केली नव्हती.

त्या वर्षी मुख्य प्रतिस्पर्ध्यानं दांडगं इंजिन बसवलं. वळणातून बाहेर पडताना तो असा सुसाट सुटे, की या दोघींना त्याची धूळच खावी लागे.

"आपणही मोठं इंजिन घालू," धाकटी म्हणाली.

"आणि त्याचं वजन कोण ओढणार? इंजिन मोठं, की गिअरबॉक्स मोठा, ब्रेक मोठे. नुसती ताकद बघून चालत नाही गं. एकेका हॉर्सपॉवरच्या वाट्याला किती ओझं येतं, ते बघायचं. ओझं घटवलं, की हेच इंजिन गाडीला झपकन उचलेल."

मग मागची सीट गेली, गालिचा गेला, काचांच्या जागी प्लॅस्टिक आलं. थोरलीनं हातात करवत घेतली, की धाकटी म्हणे, "ताई, चाकं तेवढी ठेव हं!"

तरी सरावात गाडी थोडक्यात कमीच पडत होती. आता काढण्यासारखं काही उरलं नव्हतं. एका दुपारी थोरली सहज गॅरेजातल्या वजनकाट्यावर उभी राहिली आणि आकड्याकडे बघतच राहिली. शेजारी माणूस हवाच, असा या शर्यतीचा नियम नव्हता. धाकटीलाही ते ठाऊक होतं, पण तिनं कधी ब्र काढला नव्हता.

संध्याकाळी धाकटी आली, तेव्हा शेजारची सीट गाडीबाहेर जमिनीवर होती.

"हे काय केलंस?"

"चार बोल्ट काढले. घाट तुला तोंडपाठ आहे."

"तू नसलीस तर मला भीती वाटेल, ताई."

"भीतीला वजन नसतं. बसू दे तिला शेजारी."

धाकटी हसली नाही.

शर्यतीच्या दिवशी थोरली खाली, घाटाच्या पायथ्याशी उभी राहिली. झेंडा पडला आणि गाडी बाणासारखी सुटली. ती इतक्या झटक्यात पहिल्या वळणाआड गेली, की थोरलीच्या तोंडातलं "डावं" तोंडातच राहिलं. वरून निकाल आला. धाकटी पहिली आली होती.

खाली येताच तिनं थोरलीला घट्ट मिठी मारली. "काय पळाली गं, ताई! इतकं मोकळं मला कधीच वाटलं नव्हतं!"

बोलून गेल्यावर तिनं जीभ चावली. थोरली म्हणाली, "वाटणारच. गणितच तसं आहे." मग हात धुवायला म्हणून ती नळावर गेली आणि बराच वेळ परतली नाही.

पुढं शर्यतीच्या एका मोठ्या संघानं धाकटीला बोलावलं. त्यांच्या गाडीत सीट एकच होती. निघताना ती ढसाढसा रडली. थोरलीनंच तिची बॅग उचलून दिली.

तिच्या तिथल्या पहिल्या शर्यतीला थोरलीला जाववलं नाही. दुसरीला ती न सांगता गेली आणि जाळीमागच्या गर्दीत उभी राहिली. धाकटी समोरून भर्रकन गेली. सोबतीला कोणी नव्हतं, आणि तिला कोणी लागतही नव्हतं. वळणं ती अचूक घेत होती.

बक्षीस समारंभाला थोरली थांबली नाही. दुसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाची गाडी ब्रेकसाठी यायची होती. तिनं सकाळी वेळेवर गॅरेज उघडलं.