स्वच्छ हवेचा खांब

साहेब, तुम्ही खोटी सही केलीत. 'जाशील ऊय', म्हणजे हिरवं घर, असं नाव मिरवणाऱ्या नऊमजली इमारतीच्या कागदावर तुम्ही हिरवा शिक्का उठवलात आणि त्या शिक्क्याच्या भरवशावर बिश्केकची शहाणीसुरती माणसं फसली. तुमचं नाव इथे घेत नाही. तुमचं तुम्हाला ठाऊक आहे.

ऑक्टोबरात उद्घाटन झालं तेव्हा अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. तळलेल्या बोरसोकांच्या पराती फिरत होत्या, चहा उकळत होता, आणि एर्मेक बिल्डर व्यासपीठावरून बोलत होता.

"ही भिंत श्वास घेते. तुम्ही उच्छ्वास सोडायचा, भिंत तो धुऊन परत देणार."

"आणि भिंतीला सर्दी झाली तर?" मागून एका म्हाताऱ्याने विचारलं.

लोक हसले. एर्मेक सगळ्यांत मोठ्याने हसला. हसतमुख माणसाकडे पुरावा मागायला कुणाची जीभ रेटत नाही.

दारातल्या पडद्यावर हिरवे आकडे नाचत होते : आज सूर्याने दिलेली ऊब, शंभरातले ब्याण्णव. लोक त्यापुढे उभं राहून फोटो काढत होते. पण खरा चमत्कार मागच्या अंगणात होता. पाच मजले उंच, प्लास्टिकच्या वेलींनी मढवलेला 'स्वच्छ हवेचा खांब'. शहरातली घाण ओढून घेतो म्हणे. वरून पांढरं काही निघालं तर घाबरायचं नाही, ती घराची वाफ. बायका पोरांचे हात धरून त्या खांबाला लावत होत्या. खांब कोमट लागत होता.

"जिवंत आहे गं," एक जण म्हणाली.

बुरुलचा एजेंनी, म्हणजे बुरुलचाताईंनीही, हात लावला. पस्तीस वर्षं शाळेत पदार्थविज्ञान शिकवलेली बाई. गरम वस्तू दिसली की ती कशाने गरम झाली हे आधी विचारा, असं पोरांच्या टाळक्यात ठोकून बसवणारी. त्या दिवशी त्यांनी काहीच विचारलं नाही. कारण एर्मेक त्यांचाच विद्यार्थी. तिसऱ्या बाकावरचा, विजेचं सर्किट सगळ्यांत आधी जोडणारा. शिक्षिकेला म्हणतात तसं 'मुगालिम' म्हणत त्याने सगळ्यांदेखत त्यांच्यापुढे हात पसरले होते.

"मुगालिम एजे, बाता द्या. पावसाने जमीन हिरवी होते, बातेने माणसं."

थोरांनी तळहात वर करून बाता, म्हणजे आशीर्वाद, दिली, सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवून 'ओमीन' म्हटलं, की त्या कामाबद्दल शंका काढणं आमच्याकडे असभ्य समजतात. एजेंनी बाता दिली. आणि धाकट्या बहिणीला, कानिशायला, म्हणाल्या, "घे इथे घर. एर्मेक माझ्या हाताखालचा आहे."

कानिशायची फुप्फुसं कोळशाच्या शेगडीपुढे जन्म काढून जळली होती. धुरापासून लांब राहा, डॉक्टरांनी बजावलं होतं. तिने जर्दाळूच्या झाडासकट घर विकलं आणि पहिल्या मजल्यावर राहायला आली. रोज संध्याकाळी एजे तिची खुर्ची खांबाखाली मांडत. "खोल श्वास घे," म्हणत. कानिशाय घेत असे.

डिसेंबरात तिला जिना चढवेना.

"एजे, इथे आल्यापासून जास्तच लागतंय गं."

"शहरच धुराचं आहे. खांबाखाली अजून थोडी बस."

मग रात्रभर बर्फ पडला. ताजा बर्फ पडला की आमच्या बायका घरातले नमद्याचे शिरदाक गालिचे बाहेर काढतात, बर्फावर उलटे घालतात आणि बडवतात. धूळ बर्फात उतरते. एजेही पहाटे गालिचा खांद्यावर टाकून मागे गेल्या. बडवून उचलला. खाली काळे ठिपके, ते तर असायचेच. पण गालिचा जिथे घातलाच नव्हता, तिथेही बर्फावर काजळी सांडली होती. खांबाच्या बुंध्याशी दाट, लांब जाईल तशी विरळ.

मग त्यांनी खांबाला टेकून बांधलेल्या 'बागेच्या अवजारांच्या खोली'कडे पाहिलं. सगळ्या छपरांवर वीतभर बर्फ होता. त्या एका छपरावर कणभरही नव्हता. पत्रा ओला होता आणि त्यातून वाफ निघत होती.

फावड्याला आणि झारीला कोण ऊब देतं?

त्यांनी दार ठोठावलं. मुकाश नावाच्या भट्टीवाल्याने उघडलं, हातात कोळशाचं फावडं.

"किती दिवस आहेस इथे?"

"पहिल्या दिवसापासून, एजे. पहाटे पेटवायची, संध्याकाळी पेटवायची."

"आणि धूर?"

त्याने नुसतं वर, वेलींकडे बोट केलं.

"सांगितलं का नाहीस रे?"

"विचारलं कोणी? सगळे खांबाच्या पाया पडत होते."

एजेंना खाली बसावंसं वाटलं. बसायला खुर्ची तेवढी होती, कानिशायची. त्या बसल्या नाहीत.

दुपारी त्यांनी रहिवाशांना छतावर नेलं. सोलर पॅनलवर जाड बर्फ होता, त्यावर फक्त पक्ष्यांची पावलं. खाली पडद्यावर ब्याण्णव. एजेंनी पडद्यामागे हात घालून बोटाएवढा पेनड्राइव्ह उपसला. पडद्यावरचा सूर्य जागच्या जागी मावळला. त्यात एक चित्रफीत होती : नव्वद, ब्याण्णव, पंच्याण्णव, पुन्हा नव्वद.

"एजे, हळू बोला," तिसऱ्या मजल्यावरची नाझीरा कुजबुजली. "वसंतात मला विकायचंय. घेणाऱ्याला कळलं तर?"

"म्हणजे तुझ्या जागी दुसरी कानिशाय येऊन बसू दे?"

नाझीराने मान वळवली.

एर्मेक आला. आल्या आल्या त्याने एजेंचा हात दोन्ही हातांत धरला.

"एजे, सगळेच असं करतात. लोकांना हिरवं हवं असतं, मी हिरवं दिलं. आणि बाता तुम्हीच दिली होती."

"दिली होती. म्हणून तर तू मला पुढे उभं केलंस. गवंडी भिंतीला टेकू देतो, तसा तू मला लावलास." त्यांनी हात सोडवून घेतला. "बाळा, तू फसवलंस याचं दुःख आहेच. पण तू माझ्या तोंडून माझ्या बहिणीला फसवलंस."

गर्दीतून आवाज आला, "एजे, तेरिस बाता द्या याला. उलटी बाता. तळहात खाली."

उलट्या बातेला, म्हणजे शापाला, आमच्याकडे भले भले टरकतात. एर्मेकचा चेहराही पहिल्यांदाच उतरला.

"नाही देणार," एजे म्हणाल्या. "माझ्या सुलट्या बातेने भट्टी थांबली नाही, उलटीने कशी थांबेल? तळहात वर करा नाहीतर खाली, कोळसा तेवढाच जळतो. भट्टी थांबते ती तिचं दार उघडून आत बघितल्यावर. मी बघितलं नाही. तुम्हीही नाही. इथून पुढे कोणी 'हिरवं' म्हणालं, तर ऊब कुठून येते आणि धूर कुठून जातो ते विचारा. बाता झालेली असली तरी विचारा. पाहुण्यांसमोर विचारा."

मग त्यांनी दारातला चौकटीतला दाखला उतरवला. तपासणीची तारीख सतरा जुलै होती.

साहेब, जुलैत इथे कोण भट्टी पेटवतं? ऊब तपासायला तुम्ही भर उन्हाळ्यात आलात. छतावर चढलात का? त्या खोलीचं कुलूप उघडायला लावलंत का? की सावलीत बसून घोडीच्या दुधाचं कुमिस प्यालात आणि शिक्का मारलात?

कानिशाय आता इस्पितळात आहे, नाकाला नळी आहे. तिचं जुनं घर पाडून तिथे नवी इमारत उठते आहे. त्या इमारतीच्या फलकावरही हिरवं पान काढलेलं आहे. काल तिने बहिणीला विचारलं, "इथून सोडल्यावर मी श्वास घ्यायला कुठे जाऊ?" सही तुमची आहे, तेव्हा उत्तरही तुम्हीच द्या. लेखी द्या, आणि ह्या वेळी खरी सही करा.