निम्म्या भावात न्हाणीघर

ठेकेदार निम्म्या भावाला "हो" म्हणाला आणि शिवणवाल्या बाईंचं डोकंच फिरलं.

खरं तर खूश व्हायची वेळ. वरच्या मजल्यावरचं न्हाणीघर दोन वर्षं गळत होतं, आणि गळायचं कुठे? तर नेमकं खालच्या खोलीत, बाईंच्या मशीनवर! गेल्या वर्षी एका नवरीचा पोशाख लग्नाच्या चार दिवस आधी डागांनी भरला, आणि निम्म्या गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली. आता आणखी एक कपडा भिजला की धंद्याला टाळं.

ठेकेदाराने आकडा सांगितल्यावर बाईंनी सवयीप्रमाणे तो सरळ निम्मा केला. आता हा रडगाणं गाईल, रुसून दारापर्यंत जाईल, असं त्यांना वाटलं. पण हा पठ्ठ्या चहाचा घोट घेऊन म्हणाला, "चालेल ताई. तुमच्यासाठी म्हणून."

"वा! देवमाणूस!" नवरोबा खूश.

"अहो, तुम्ही गप्प बसा!" बाई कडाडल्या आणि ठेकेदाराकडे वळल्या. "कात्री कुठे लावणार, ते सांगा."

"कात्री कसली, ताई?"

"मला शेंडी लावू नका! वीस वर्षं शिवतेय मी. घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला मीही हसत 'चालेल' म्हणते. मग शिवणीच्या आत जास्तीचं कापड ठेवायचं असतं ना, माया म्हणतो आम्ही, ती बोटभरऐवजी नखभर ठेवते. बाहेरून कुणाच्या बापाला कळत नाही. उसवलं की म्हणते, तुम्हीच जाड झालात! तुमचं काय, ते बोला!"

ठेकेदाराने कप खाली ठेवला. "फरशीखालचं वॉटरप्रूफिंग," तो पुटपुटला. "तीन थरांऐवजी एक."

"म्हणजे वर चकाचक फरशी आणि खाली माझं वाटोळं! लाज नाही वाटत?" बाईंचा आवाज संतापाने चिरकला. "पूर्ण पैसे देते. पण लिहून द्या. फरशी बसवण्याआधी दोन दिवस वर पाणी तुंबवून ठेवायचं. मी खाली बसेन. एक थेंब पडला, तर पुन्हा पहिल्यापासून, तुमच्या खर्चाने!"

"असं कुणी लिहून देत नाही, ताई."

"मग निघा."

त्याने खिशातून पेन काढून लिहून दिलं. सही केली आणि दारात थांबून म्हणाला, "ताई, ती नखभर माया. तुमच्याकडून कुणी लिहून घेतलं नाही कधी?"

"चालते व्हा!"

दार धाडकन आपटून बाई मशीनकडे आल्या. शेजारणीचा कोट तयार होता. तिनेही भाव पाडला होता. बाईंनी तो उलटा करून शिवणीवरून बोट फिरवलं. नखभरच. त्यांनी ठेकेदाराला शिव्या घातल्या, शेजारणीला घातल्या, मग स्वतःलाही. कापलेलं कापड काही परत वाढत नाही. त्यांनी कपाटातून तसलंच कोरं कापड ओढून काढलं आणि खडूने नव्याने आखायला लागल्या.

"अगं, झालेला कोट पुन्हा? आणि हे कुणाच्या खर्चाने?" नवऱ्याने विचारलं.

"माझ्या!" बाई ओरडल्या.