हलकं नळकांडं

घमेल्यातलं पेट्रोल भडकलं आणि जिंतूर रस्त्यावरच्या मठासमोरची गर्दी मागं रेटली गेली. योगीराज महाराज जागचे हलले नाहीत. पितळी डब्यातली मूठभर राख त्यांनी ज्वाळांवर फेकली. आग फस्सकन विझली. जयजयकार झाला.

"पाण्यानं पेट्रोल आणखी भडकतं," महाराज गरजले, "माझ्या राखेनं झोपतं! अग्निदेव माझा चेला हाय."

पहिल्या रांगेत सूर्यभान किराणावाला बसला होता, दोन्ही हात कोपरापर्यंत बँडेजात. गेल्या महिन्यात दुकानात बाटलीत पेट्रोल ओतताना त्याची बायको राजेश्री पेटली होती. दारावर टांगलेली महाराजांच्या राखेची पुडी फोडून त्यानं तिच्यावर रिकामी केली. पुडी संपली, राजेश्रीही.

आग विझवायचं लाल नळकांडं त्यानं आधीच मठात वाहिलं होतं. "राखेवर भरोसा हाय का नळकांड्यावर?" असं महाराज विचारत, आणि लोक दुकानातली, शाळेतली नळकांडी नारळासारखी आणून ठेवत.

"महाराज, माझी बायको का वाचली न्हाई?"

"तुझी श्रद्धा कमी पडली, बाळा."

सूर्यभाननं मान खाली घातली. महिनाभर तो स्वतःलाही हेच सांगत होता.

मागून शाळेतल्या विज्ञानाच्या धम्मशीलाबाई उठल्या. "महाराज, घमेलं परत पेटवा. लोकांना वाटता त्या पुडीनं विझवा."

"देवाची परीक्षा घ्यायलीस व्हय?"

"देवाची न्हाई, तुमची."

"विझवा की महाराज!" गर्दीतला आश्रुबा ओरडला. "चेलाच हाय तुमचा, ऐकंल!"

घमेलं परत पेटलं. महाराजांनी पुडी टाकली. आग तसूभर दबली नाही. महाराजांची दाढी मात्र करपली. लोक हसले. सूर्यभान हसला नाही.

बाईंनी पाण्याची बादली पुढं ओढली आणि दोन्हींतली चिमूटभर राख पाण्यात टाकली. पुडीतली राख भिजून बुडाली. महाराजांच्या पितळी डब्यातली पाण्यावर कोरडीच तरंगली.

"ही राख न्हाई, नळकांड्यातली भुकटी हाय. ओल धरू नये म्हणून कारखान्यात तिला लेप देतात. ज्वाळेत पडली की जळण्याची साखळी तोडती. तुमी नळकांडी वाहता, हे महाराज ती रिकामी करतात, अन् तुमच्या हाती चुलीतली राख देतात."

लोकांनी मठामागच्या खोलीचं दार मोडलं. लाल ढिगात सूर्यभानला पांढऱ्या रंगातली वाकडी अक्षरं दिसली: 'राजेश्री किराणा'. तिनंच रंगवलेली. भाजल्या हातांनीही नळकांडं सहज उचललं गेलं. इतकं हलकं होतं.

"बाई, म्हंजे माझी श्रद्धा कमी न्हवती?"

"न्हाई, भाऊ. पुरेपूर होती. थोडी कमी असती तर हे नळकांडं तुमच्या दुकानात असतं."

सूर्यभान नळकांडं मांडीवर घेऊन खाली बसला.

वाचणाऱ्यांनो, नळकांड्याला नारळ लागत नाही, नवस लागत नाही. ते कुणाला वाहू नका. त्यावरच्या दाबाच्या घड्याळाचा काटा हिरव्या पट्टीत आहे का, एवढं महिन्यातून एकदा बघा. सूर्यभानच्या मांडीवरच्या नळकांड्याचा काटा शून्यावर पडला होता.