मणक्यातला माल

"कुणाला पटायचं नाही, पण माझ्या मणक्यातला माल मीच कालवून घेतलाय," एक्स-रेच्या खोलीबाहेर बाकावर बसल्या बसल्या मिस्त्रींनी जाहीर केलं. शेजारी मोडका हात झोळीत बांधून गळ्यात अडकवलेले एक मास्तर होते. पलीकडे मिस्त्रींची बायको, मांडीवर पिशवी घेऊन.

"बेशुद्धीत?" मास्तरांनी विचारलं.

"छे हो. नुसती पाठ बधिर. डॉक्टरीणबाई सुईनं सिमेंट भरायला निघाल्या. म्हटलं, थांबा बाई. नुसतं सिमेंट हाडात पाहुण्यासारखं बसून राहील. हाडाच्याच जातीच्या खनिजाची पूड घाला चिमूटभर, म्हणजे हाड त्याला धरून वाढेल."

खरं तर हे बाईंनीच मिस्त्रींना समजावलं होतं, तेही दोनदा. पण चाळीस वर्षं लोकांच्या भिंती ओळंब्यात उभ्या करणाऱ्या माणसाला स्वतःच्या कण्यासाठी दुसऱ्याचं ऐकावं लागलं, हे परांचीवरून पडण्यापेक्षा जास्त लागलं होतं. आज तीन महिन्यांनी फोटो काढला होता. हाडानं धरलं नसेल, तर पाठ उघडावी लागणार होती आणि परांची कायमची सुटणार होती. म्हणून तर सकाळपासून जिभेला उसंत नव्हती.

डॉक्टरीणबाई फोटो घेऊन बाहेर आल्या. "हे बघा मिस्त्री, सिमेंटच्या कडेनं नवं हाड भरतंय."

मिस्त्रींनी फोटो उजेडाकडे धरला. भेग शोधली. सापडली नाही.

"परांची?"

"पुढच्या महिन्यापासून. बेतानं."

मिस्त्रींनी इतका मोठा श्वास सोडला, की मास्तरांच्या हातातला कागद हलला. मग ते सुटलेच. "ऑपरेशनच्या संध्याकाळी बाई म्हणाल्या, उठून चाला. उठलो तो तडक तीन जिने चढून गच्चीवर. तिथला उतार चुकलाय, तेही सांगून आलो."

"खोटं," बायको म्हणाली. "स्लॅबखालचे टेकू एकवीस दिवस काढत नसतात, असं म्हणत चार दिवस कूस बदलली नाही यांनी. पाचव्या दिवशी दारापर्यंत गेले, ते माझा खांदा धरून. सोडू नकोस गं, सोडू नकोस. आणि दाराशी पोचल्यावर म्हणे, हे कुणाला सांगायचं नाही. तीन महिने नाही सांगितलं. आज फोटो चांगला आलाय, म्हणून सांगते."